एफसीमधलं ड्रिबलिंग: आधी आर२ सोडा, मग स्किल मारा

पुण्यात ‘एफसी’ म्हटलं की आधी फर्ग्युसन रोडच आठवतो. ‘एफसी’ नावाच्या फुटबॉल व्हिडिओ गेममध्ये नवखा माणूस बॉल घेऊन पळतो, म्हणजे ड्रिबलिंग करतो, तोही तसाच, रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावरच्या गर्दीत ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून गाडी घालावी तसा. इथे विषय ईए स्पोर्ट्‌स एफसीचा आहे. १९९३ पासून हा गेम फिफा नावाने यायचा. फिफा २३ नंतर नाव बदललं, पण बटणं बहुतेक तीच राहिली. जी बदलली ती खाली त्या त्या जागी सांगितली आहेत. तरी तुमच्याकडे ज्या वर्षाचा गेम आहे, त्याच्या सेटिंग्जमधलं कंट्रोल्सचं पान एकदा डोळ्यांखालून घालाच.

बटणांची नावं प्लेस्टेशनची दिली आहेत. एक्सबॉक्सच्या रिमोटवर एक्सच्या जागी ए, सर्कलच्या जागी बी, स्क्वेअरच्या जागी एक्स. एल१ आणि आर१ म्हणजे एलबी आणि आरबी, एल२ आणि आर२ म्हणजे एलटी आणि आरटी. हे घोकून ठेवा. दोन्ही रिमोटवर ‘एक्स’ नावाचं बटण आहे, पण कामं वेगळी. प्लेस्टेशनच्या सवयीने एक्सबॉक्सवर बी आणि मग एक्स दाबलंत, तर फेक शॉट (शॉटचं नुसतं नाटक) व्हायच्या ऐवजी क्रॉस (कडेवरून आत टाकलेला उंच पास) निघून जातो.

आधी डावा अंगठा

दहातल्या आठ जणांचा बॉल स्किल (चकवायची खास हालचाल) येत नाही म्हणून जात नाही. आर२, म्हणजे स्प्रिंटचं (जोरात धावायचं) बटण, पूर्ण मॅच दाबलेलं असतं म्हणून जातो. कारण साधं आहे. स्प्रिंटमध्ये खेळाडू बॉल लांब ढकलतो आणि मागून पळतो. दोन टचच्या मधल्या काळात बॉल पायाशी नसतो, त्यामुळे तुम्ही स्टिक वळवली तरी पुढचा टच होईपर्यंत खेळाडू वळू शकत नाही. तुम्हाला वाटतं गेम ऐकत नाही. गेम ऐकतो, पण बॉल पायाशी आल्यावर. तेवढ्यात डिफेंडरचा पाय मध्ये आलेला असतो.

म्हणून पहिला नियम: डिफेंडर दोन-तीन माणसांच्या अंतरावर आला की आर२ सोडायचं. नुसत्या डाव्या स्टिकवर बॉल पायाला चिकटून राहतो आणि वळणं आखूड होतात. डिफेंडर मागे पडला, समोर मोकळी जागा दिसली, की परत आर२. चांगला खेळणारा शेजारी बसला असेल तर त्याच्या उजव्या तर्जनीकडे बघा, ती सतत वर-खाली होत असते. नवख्याची तर्जनी गोठलेली असते.

एफसी २४ पासून आर१ धरून कंट्रोल्ड स्प्रिंट मिळतो. चालण्यापेक्षा वेगवान, पूर्ण धावण्यापेक्षा ताब्यातला. मिडफिल्डमध्ये बॉल पुढे न्यायला हाच गिअर बरा. फिफा २१ ते २३ या काळात याच आर१वर अजाइल ड्रिबलिंग होतं, म्हणजे छोटी छोटी झटपट पावलं. जुन्या गेमवर हात बसलेले लोक नव्यात आर१ दाबून ‘पूर्वीसारखं नाचत नाही’ म्हणतात ते त्यामुळे.

एल१ धरलं की खेळाडू तोंड न वळवता आडवा सरकतो. बॉक्सच्या (गोलसमोरच्या चौकटीच्या) कडेला, डिफेंडर अंगावर येत नसेल आणि शॉटचा कोन हवा असेल तेव्हा हे कामाचं. मात्र एल१ नुसतं टिचकीसारखं दाबलं तर जवळचा साथीदार पुढे धाव घेतो. धरणं आणि दाबणं यातला फरक बोटाला कळायला हवा, नाहीतर सरकायला जाल आणि तुमचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) जागा सोडून पुढे पळत सुटेल.

एल२ म्हणजे शिल्डिंग, अंग मध्ये घालून बॉल पलीकडच्या पायावर ठेवणं. पाठीवर माणूस असताना वळायची घाई करू नका. एल२ धरून क्षणभर थांबा, आधाराला कोण येतंय बघा, पास द्या. उंच आणि दणकट स्ट्रायकर असेल तर हे जमतं. लहानखुरा विंगर (कडेने आक्रमण करणारा) धक्क्याने बाजूला होतो.

‘वर’ म्हणजे पुढे

उजव्या स्टिकच्या सगळ्या तक्त्यांत बाण असतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. हे बाण स्क्रीनचे नाहीत, खेळाडूचे आहेत. तक्त्यातलं ‘वर’ म्हणजे खेळाडूचं तोंड जिकडे आहे ती दिशा, ‘खाली’ म्हणजे त्याची पाठ.

समजा तुमची टीम स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे आक्रमण करते आहे. हील फ्लिकच्या (टाचेने बॉल पुढे काढायच्या मोव्हच्या) तक्त्यात ‘वर, मग खाली’ असं असतं. प्रत्यक्षात स्टिक उजवीकडे आणि लगेच डावीकडे मारायची, कारण खेळाडूचं ‘पुढे’ आत्ता स्क्रीनवर उजवीकडे आहे. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, तोच मोव्ह आता डावीकडे आणि मग उजवीकडे. पहिल्या हाफमध्ये जमलेले स्किल दुसऱ्या हाफमध्ये अचानक बिघडतात ते यामुळेच. रिमोटचा काही दोष नसतो.

आणखी एक पायरी. खेळाडू तिरका, वर-उजव्या कोपऱ्याकडे धावत असेल, तर चारही दिशा तेवढ्याच फिरतात. त्याचं ‘पुढे’ म्हणजे स्टिक वर-उजवीकडे, त्याची डावी बाजू म्हणजे स्टिक वर-डावीकडे. नवशिक्याने म्हणून एकच पथ्य पाळावं: स्किल मारायच्या आधी खेळाडू सरळ रेषेत आणायचा, तिरक्यात मारायचा नाही. दिशा चुकण्याचे निम्मे प्रकार तिथेच संपतात.

बॉल रोलमध्ये मात्र डोकं चालवावं लागत नाही. बॉल स्क्रीनवर ज्या बाजूला न्यायचा, त्या बाजूला उजवी स्टिक धरून ठेवायची. झटका द्यायचा नाही, धरायची. झटका दिलात तर बॉडी फेंट होतो. खेळाडू त्या बाजूला खांदा टाकतो आणि बॉल दुसऱ्या बाजूने काढायचा असतो. म्हणजे धरणं आणि झटकणं यात बॉलची दिशाच उलटी होते. हे दोन मोव्ह एकमेकांच्या जागी निघणं ही पहिल्या आठवड्यातली सगळ्यात नेहमीची चूक.

फेक शॉट, सावकाश

एकच मोव्ह शिकायला वेळ असेल तर हा शिका. स्टार (खेळाडूच्या स्किलची एक ते पाच अशी पातळी) लागत नाहीत, उजवा अंगठा स्टिकवर न्यावा लागत नाही, आणि कुठल्याही खेळाडूला करता येतो. सर्कल (शॉट), लगेच एक्स (पास), आणि डावी स्टिक हव्या त्या दिशेला. बस.

एक प्रसंग हळू करून बघू. तुम्ही डावीकडून उजवीकडे आक्रमण करताय. सलाहसारखा डावखुरा विंगर उजव्या बाजूला, म्हणजे स्क्रीनवर खाली, साइडलाइनजवळून पळतोय. समोर फुलबॅक आहे. तो दोन-तीन माणसांच्या अंतरावर आला की आर२ सोडा. एक साधा टच होऊ द्या, बॉल पायाशी येऊ दे. आता सर्कल हलकेच दाबा, विंगर शॉटसाठी पाय मागे नेईल. त्याच क्षणी एक्स, आणि एक्स दाबताना डावी स्टिक सरळ वर. विंगर शॉट गिळतो, बॉल आत ओढतो, आणि तो आता त्याच्या डाव्या पायावर आहे. फुलबॅक शॉट अडवायला साइडलाइनकडे सरकला असेल तर त्याचं वजन चुकीच्या पायावर गेलेलं असतं. आता वर-उजवीकडे तिरकं, आर२ फक्त एका टचपुरतं, आणि बॉक्सच्या कोपऱ्याशी पोचलात की लांबच्या पोस्टकडे स्टिक धरून आर१ आणि सर्कल, फिनेस शॉट (वळवून मारलेला शॉट). शॉटच्या ताकदीचा बार अर्ध्याच्या आसपास ठेवा.

बिघडतं कुठे? एक्स उशिरा पडलं तर खराखुरा शॉट जातो, तोही साइडलाइनवरून. एक्सच्या वेळी स्टिक वर गेलेली नसेल तर विंगर सरळ जातो. स्टिक पूर्ण मोकळी असेल तर जागीच थांबतो. (हा थांबाही एक वेगळा मोव्ह आहे आणि मागून पळत येणाऱ्याला चकवायला झकास चालतो, पण तो मुद्दाम केलेला असावा.) आर२ दाबलेलं राहिलं तर फेकमधून निघताना पहिला टच लांब पडतो आणि सेंटरबॅक बॉल उचलतो. आणि अंतर एका माणसाचंच उरलं असेल तर काहीही करा, फुलबॅकचा पाय पोचतोच.

बॉल आत किती कापायचा तेही डाव्या स्टिकवर ठरतं. स्टिक सरळ वर म्हणजे काटकोन. वर-डावीकडे, म्हणजे थोडं मागे वळून, दिलीत तर फुलबॅकपासून जास्त अंतर मिळतं, पण वेग जातो. समोरचा खूप जवळ चिकटून खेळत असेल तर मागे वळणारा कट घ्या.

बाकीचे कामाचे मोव्ह

बॉल रोल दोन स्टारच्या खेळाडूलाही येतो. बॉक्सच्या कडेला डिफेंडर समोर उभा असताना खेळाडूच्या चांगल्या पायाच्या बाजूला एक रोल, आणि शॉट. दोन सलग रोल करू नका, दुसऱ्याला समोरचा वाट बघत असतो.

स्टेपओव्हर म्हणजे उजवी स्टिक पुढून बाजूकडे पाव वर्तुळात फिरवायची. उजवीकडे धावणाऱ्या खेळाडूसाठी स्टिक उजवीकडून खाली किंवा उजवीकडून वर. दिसायला छान. नुसत्या स्टेपओव्हरने कोणी फसत नाही, डाव्या स्टिकने लगेच दुसऱ्या बाजूला निघालात तरच फायदा.

ड्रॅग बॅकला एल१ आणि आर१ दोन्ही धरून डावी स्टिक पाठीकडे झटकायची. साइडलाइनला अडकलात, डिफेंडर खांद्याला खांदा लावून पळतोय, तेव्हा हा मोव्ह सोडवतो, कारण तो पुढे निघून जातो आणि तुम्ही मागे राहता. उजवा अंगठा इथेही रिकामा राहतो, पुढचा पास लगेच देता येतो.

हील फ्लिक, म्हणजे वर सांगितलेलं पुढे आणि मागे, तीन स्टारचा. सरळ धावताना वेग वाढवायला. मारल्या मारल्या आर२ धरा. रुलेट तीन स्टारचा: उजवी स्टिक पाठीकडून सुरू करून पाऊण वर्तुळ. उजवीकडे धावताना स्टिक डावीकडून वर, मग उजवीकडे, मग खाली, की खेळाडू स्वतःभोवती फिरून स्क्रीनवर खालच्या बाजूला निघतो. वर्तुळ अर्धवट सोडलंत तर गेमला दुसराच मोव्ह वाटतो.

ला क्रोकेटा चार स्टारचा. एल१ धरून उजवी स्टिक बाजूला धरायची. एका पायावरून दुसऱ्या पायावर बॉल झटकन जातो आणि अंग न वळवता तुम्ही डिफेंडरच्या शेजारून निघता. दोन डिफेंडरांच्या मधल्या फटीसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. समोरच्याने टॅकलसाठी पाय टाकला, तो पाय अजून हवेत आहे, तेव्हाच मारायचा.

इलॅस्टिको पाच स्टारचा, उजवी स्टिक एका बाजूकडून पाठीमागून दुसऱ्या बाजूला अर्धवर्तुळात. एमबापे, व्हिनिशियस यांना जमतो. कमी स्टारच्या खेळाडूकडून हीच स्टिक फिरवलीत तर दुसरीच साधी हालचाल होते किंवा काहीच होत नाही. खरं सांगायचं तर मॅचमध्ये याची गरज फार क्वचित पडते. गेमिंग पार्लरमध्ये मागे चार पोरं उभी असली की मात्र हमखास पडते.

स्टार म्हणजेच ड्रिबलिंग असाही एक गैरसमज आहे. मेसीला या गेममध्ये वर्षानुवर्षं चारच स्टार होते, आणि तरी बॉल त्याच्या पायातून काढणं सगळ्यात अवघड. स्टार फक्त कुठले मोव्ह उघडतात ते सांगतात. बॉल किती चिकटतो आणि खेळाडू किती चटकन वळतो, ते अजिलिटी, बॅलन्स, बॉल कंट्रोल, ड्रिबलिंग या आकड्यांत बघा. खेळाडूच्या कार्डावरच्या डीआरआय (ड्रिबलिंग) आकड्यात हे सगळं एकत्र मिसळलेलं असतं, म्हणून आतलं पान उघडून बघायचं. एफसी २४ पासून प्लेस्टाइल्सही (खेळाडूंच्या खास खुब्या) आल्या आहेत. टेक्निकलवाल्याचा कंट्रोल्ड स्प्रिंट वेगवान असतो, रॅपिडवाल्याचा बॉल पूर्ण धावताना कमी सुटतो, फर्स्ट टचवाला पास घेतल्या घेतल्या ताब्यात आणतो. विंगर निवडताना पाचव्या स्टारपेक्षा या गोष्टी जास्त उपयोगी पडतात.

समोर माणूस असेल तर

कॉम्प्युटरविरुद्ध जमणारे स्किल मित्राविरुद्ध का जमत नाहीत? कारण स्किल डिफेंडरला चकवत नाही, त्याच्या चुकीला शिक्षा देतो. समोरचा एल२ धरून (बचावात हे बटण डिफेंडरला सावधपणे सरकवतं) शांतपणे मागे सरकत राहिला तर स्किल मारून तुम्ही त्याच्याच पायात बॉल घालता. तेव्हा मारायचा नाही. हळू चालत त्याच्याकडे जा, एखादा पास मागे द्या, परत घ्या. कंटाळून तो कधीतरी सर्कल (बचावात टॅकल) दाबतो किंवा आर२ धरून अंगावर येतो. ती तुमची वेळ.

काही जण स्वतःचा डिफेंडर मागे ठेवून आर१ने दुसरा माणूस अंगावर सोडतात. ओळखायची खूण: एक जण तुमच्याकडे येतो, पण ज्याच्या डोक्यावर खूण आहे, म्हणजे जो समोरच्याच्या हातात आहे, तो जागेवरच असतो. इथे ड्रिबलिंगच करू नका. जो माणूस आला त्याने कोणाला तरी मोकळं सोडलं आहे, तिकडे पास.

आणखी एक फट, जी फार कोणी सांगत नाही. बॉल गेला की उजव्या स्टिकचं काम बदलतं, आता ती डिफेंडर बदलते. तुम्ही घाबरून स्टिक चार वेळा फिरवत असाल आणि मध्येच बॉल हिसकावला गेला, तर उरलेल्या झटक्याने भलताच, लांबचा डिफेंडर हातात येतो आणि समोरचा मोकळा पळतो. म्हणून स्किल एकदा मारायचा आणि अंगठा उचलायचा. तसंही एक मोव्ह चालू असताना दिलेला हुकूम गेम साठवून ठेवतो आणि नंतर करतो. तुम्हाला एक हवा होता, खेळाडू दोन करतो.

सराव

रोज वीस मिनिटं पुरतात, पण मॅचमध्ये नाही. प्रॅक्टिस अरीनात जा, आधी डिफेंडर न ठेवता. पहिले तीन दिवस फक्त फेक शॉट आणि बॉल रोल: उजवीकडे धावताना दहा, डावीकडे धावताना दहा, मग वर आणि खाली धावताना. चारही दिशांना दहापैकी आठ नीट निघाले की एक डिफेंडर आणा. चौथ्या दिवसापासून ड्रॅग बॅक, आठवड्याच्या शेवटी ला क्रोकेटा. एका आठवड्यात चारपेक्षा जास्त मोव्ह घेऊ नका, बोटं मिसळतात.

मग कॉम्प्युटरशी एक अख्खी मॅच, अट अशी की स्वतःच्या हाफमध्ये आर२ला हात लावायचा नाही. अवघडपणाच्या पातळ्यांपैकी सेमी-प्रोवर सुरू करा, जमलं की प्रोफेशनल, मग वर्ल्ड क्लास. पहिल्या दोन मॅच चिडचिड होईल. तिसऱ्या मॅचला बॉल कमी जातोय हे जाणवायला लागतं.

रिमोट आणि टीव्ही

वरचं सगळं बरोबर करूनही फेक शॉटचे शॉटच होत असतील तर टीव्ही बघा. गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्र सुधारत बसतो आणि तुमचं बटण आणि स्क्रीन यात फरक पडतो. चालू करा. ऑनलाइन खेळताना वायफायऐवजी लॅन केबल लावा.

स्टिक हलवली नाही तरी खेळाडू एका बाजूला सरकत असेल तर तो ड्रिफ्ट. बहुतेक स्टिकच्या आत घासून झिजणारे सेन्सर असतात, त्यात धूळ बसते किंवा ते झिजतात. धूळ असेल तर रिमोट बंद करून स्टिकच्या मुळाशी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवून बघा, पूर्ण सुकू द्या, मगच चालू करा. झिजले असतील तर मॉड्यूल बदलावं लागतं. सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास शोधता येतील, मिळत असेल तर हॉल इफेक्टची स्टिक मागा, तिच्यात घासणारा भागच नसतो. सोल्डरिंग येत नसेल तर स्वतः उघडू नका. कॉम्प्युटरवर स्टीममधून खेळत असाल तर कंट्रोलर सेटिंग्जमध्ये डेड झोन (स्टिकची जेवढी हालचाल गेम धरत नाही तेवढा भाग) थोडा वाढवून तात्पुरतं भागतं.

गेमिंग पार्लरमध्ये तासाचे पैसे द्यायच्या आधी रिमोट हातात घ्या, मॅच लावा, किक-ऑफ झाला की दोन्ही अंगठे उचला आणि खेळाडूकडे बघा. तो आपोआप चालायला लागला तर दुसरा रिमोट मागा.